सतराव्या पानावरची बाई

"थू!" मुखरू म्हणाला, आणि खरोखरच थुंकला. ओसरीवरून खाली, कण्हेरीच्या बुडाशी.

कंपाउंडर गुणवंतराव पुस्तकातून डोकं वर काढून बघतच राहिले. सकाळचे रोगी आटोपले होते. चैत्राचं ऊन दवाखान्याच्या कौलांवर तापत होतं. स्टोव्हवर इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या, आणि त्यांच्याजवळ उकिडवा बसून मुखरू गोष्ट ऐकत होता. गोष्ट अशी रंगात आलेली असताना कोणी थुंकलं, तर वाचणाऱ्याला राग येणारच.

"काऊन जी मुखरूभाऊ? एवढं झकास वर्णन चालू हाय अन तुमी थुकून राह्यले?"

"पुन्हा वाचा बरं ते. बाई कशी पडली म्हणते तो?"

गुणवंतरावांनी घसा साफ केला. पुस्तक वाचताना त्यांचा आवाज एकदम पुण्याचा होई. "'रेशमी गालिच्यावर चारुलता निश्चेष्ट पडली होती. तिचा केशसंभार उशीवर पसरावा तसा पसरला होता. ओठांवर अजूनही मंद स्मित होते. तिच्या लावण्याला हात लावण्याचे धाडस साक्षात मृत्यूलाही झाले नव्हते.' पान सतरा."

"किती दिवसाचा मुडदा?"

"दोन दिवसाचा. खोली आतून बंद होती ना! दरवाजा तोडला तवा सापडली."

"महिना कोनता?"

गुणवंतरावांनी चार पानं मागं उलटली. "मे."

"मे महिन्यात दोन दिवस बंद खोलीत. अन ओठावर हासू!" मुखरूनं चिमट्यानं एक सुई उचलून पाहिली आणि परत पाण्यात सोडली. "वास नाई, माशी नाई, मुंगी नाई. पोट फुगलं नाई. अन तो तुमचा डिटेक्टिव तिथीच खुर्ची घेऊन बसते, सिगारेट ओढते, च्या पेते! गुणवंतभाऊ, ज्यानं हे लिवलं त्यानं मुडदा कधी पाह्यलाच नाई. दुरून बी नाई."

मुखरूला असं बोलायचा हक्क होता. सरकारी कागदावर तो तालुक्याच्या दवाखान्याचा चपराशी. झाडलोट, सुया उकळणं, गाठी-फोडांच्या पट्ट्या सोडणं ही त्याची कामं. पण दवाखान्यामागं कडुनिंबाखाली एक खोली होती, दगडी ओट्याची आणि एका खिडकीची. तिला सारं गाव चिरघर म्हणे. जंगलात माणूस नीट मरण्यापेक्षा वेडावाकडा मरायचाच जास्त. कोणावर तोडीचं झाड पडलेलं, कोणाला अस्वलानं फाडलेलं, कोणी विहिरीतून काढलेला. ते सगळे बैलगाडीत घालून इथं येत, आणि मुखरू त्यांना उघडी. डॉक्टर खिडकीबाहेर उभे राहून नाकाला अत्तराचा रुमाल लावत आणि बोलत. जे बोलत ते गुणवंतराव निंबाखाली स्टुलावर बसून लिहून घेत. सव्वीस वर्षांत नऊ डॉक्टर आले नि गेले. रुमाल बदलले, अत्तरं बदलली, खिडकी तीच राहिली. सही डॉक्टरची, हात मुखरूचे.

त्या हातांची गावाला किळस होती. चहाच्या टपरीवर मुखरूचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे. तो तंबाखूची डबी पुढं करी तेव्हा माणसं म्हणत, "आत्ताच खाल्ला जी." तो दारू पिऊन मुडदे चिरतो असं सारं गाव छातीठोक सांगे, मुखरूनं उभ्या जन्मात मोहाच्या दारूला तोंड लावलं नव्हतं. घरी त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं मात्र कधी नाक मुरडलं नाही. चिरघराचं काम झालं त्या दिवशी ती भात करत नसे, पेज करी. पेज वाटीनं पिता येते, त्यात बोटं घालावी लागत नाहीत. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पुस्तक आलं होतं चांद्याच्या वाचनालयातून, मोटार ड्रायव्हरच्या ओळखीनं, पंधरा दिवसांच्या बोलीवर. 'निळ्या काचेची कुपी'. वर एका बाईचं चित्र, तिच्या हातात कुपी आणि मागं काळी सावली. दुपारी जेवणानंतर ते डॉक्टर आठल्यांकडं जाई, तीन वाजता गुणवंतरावांकडं येई. डॉक्टर पुढं होते. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीची खूण घातली होती एकशे चाळिसाव्या पानावर. गुणवंतरावांची खूण म्हणजे मोराचं पीस. मुखरूला अक्षरओळख नव्हती, सहीपुरती तीन अक्षरं येत. तो गुणवंतरावांच्या तोंडून ऐके. म्हणजे तिघं एकाच गोष्टीत तीन ठिकाणी उभे होते, आणि तिघांना तीन गोष्टी दिसत होत्या.

गुणवंतरावांना त्यातलं सारंच आवडे. बॅरिस्टर नवरा, त्याची मोटार, भाच्याचं जुगाराचं व्यसन, आणि चिरूट न ओढता सिगारेट ओढणारा गुप्तहेर हेमकांत. "काय डोकं हाय लेकाचं!" असं ते दर दोन पानांना म्हणत. त्यांचा संशय भाच्यावर होता.

मुखरूला मात्र रोज नव्यानं किळस येई. बाई मेली होती सतराव्या पानावर, आणि तिच्याभोवती ही सगळी माणसं जेवत होती, पत्ते खेळत होती, एकमेकांना टोमणे मारत होती. मेलेल्या बाईची त्यांनी सुपारी केली होती. जो येई तो चघळी. वाचणारेही तेच करत होते. तरी रोज दुपारी तो स्टोव्हजवळ येऊन बसे. त्याला एकच विचारायचं असे.

"मुडदा कुठी हाय आता?"

"कोनाचा?"

"त्या चारुलताबाईचा. कोनं उचलला? कोनं धुतला? माणसं कोन आली होती तिची?"

"अरे बाप्पा, तुमचं आपलं भलतंच! येईन ना पुढं. साठच पानं तं झाली."

ऐंशी पानं झाली, शंभर झाली. मुडदा काही उठेना.

मग एका दुपारी डॉक्टर आठल्ये स्वतःच पुस्तक घेऊन ओसरीवर आले. राज्य बदललं, हा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा कोकणाकडचे हे डॉक्टर या जंगलात येऊन पडले होते. माणूस वाईट नव्हता. बदलीच्या हुकमाची वाट पाहून पाहून त्याचं इथं लक्ष नव्हतं, एवढंच. पण आज स्वारी खुशीत होती.

"गुणवंतराव, तुमचा भाचा गेला बारा गडगड्यांच्या विहिरीत! निळी कुपी कोणाच्या कपाटात सापडली असेल?"

"सांगू नका जी साहेब, मी तिथंवर आलो नाही."

"नवऱ्याच्या! मी पहिल्यापासून म्हणत होतो. अहो, बायको मेली की नवऱ्याकडं बघावं, हा साधा नियम आहे. काय मुखरू, तू तर ऐकतोस ना रोज? तुला काय वाटतं?"

मुखरूला काही वाटत नव्हतं. त्याला हे बोलणं संपायला हवं होतं. नाकाशी माशी आली की जसा माणूस हात उडवतो, तसं तो बोलून गेला, "नवऱ्यानंच मारली असंन साहेब. दुसरं कोन मारते बाईले?"

"शाबास!" डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "बघा गुणवंतराव, मुखरूलाही कळलं."

त्या वेळी तिघेही हसले. मुखरूसुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला कोसमटोल्याची बैलगाडी दवाखान्याच्या फाटकाशी लागली. गाडीत घोंगडीखाली बाई होती, वर पळसाची पानं झाकली होती. गाडी हाकत होता तिचा भाऊ, चैतू. आणि मागून, गाडीच्या धुळीत, कमरेला दोर बांधलेला एक माणूस चालत आला होता, सात कोस. दोराचं टोक शिपायाच्या हातात. तो तिचा नवरा, झिंगू.

हवालदारानं ओसरीवर टोपी काढून घाम पुसला आणि हकिगत सांगितली. बाईचं नाव बुधरी. मोहफुलं वेचायला दोघं जंगलात गेले, झाडाखालीच झोपले. सकाळी बाईचं पोट दुखलं, उलटी झाली, दुपारपर्यंत खलास. "अन साहेब, घरात टोपलीभर कुचल्याच्या बिया सापडल्या. चार दिवसाआधी बाजारात दोघाचं भांडण झालं, पाच माणसानं पाह्यलं. पाटलानं तं सांगतलंच, यानंच देल्लं काहीतरी."

कुचल्याच्या विषारी बिया त्या जंगलात अर्ध्या घरांत निघाल्या असत्या. लोक त्या वेचत, वाळवत, बाजारात व्यापाऱ्याला देत. त्यांचं पुढं औषध होई. पण डॉक्टरांचे डोळे चमकले. एकशे ऐंशीव्या पानावर असलेला माणूस तो, त्याला टोपलीत टोपली दिसली नाही, निळी कुपी दिसली.

"घ्या गुणवंतराव! सापडली म्हणायची की नाही कुपी? भांडण, पोटदुखी, विष घरात. मी काय म्हटलं होतं? नवराच!" आणि मग आठवण होऊन, हसत, "आपला मुखरूसुद्धा तेच म्हणतो."

हवालदारानं दात काढले. दोराला हिसका देऊन म्हणाला, "ऐकलं का बे? दवाखान्याचा चपराशी बी वळखते तुले."

सव्वीस वर्षांत अस्वलानं चेहरा खाल्लेली माणसं मुखरूनं उघडली होती, आठ आठ दिवस पाण्यात राहिलेली उघडली होती, आणि त्याला कधी ओकारी आली नव्हती. आज आली. ती आपल्याच तोंडच्या शब्दाची होती. त्याला सांगायचं होतं की मी ते ह्या माणसाबद्दल नाही म्हटलं, पुस्तकातल्या माणसाबद्दल म्हटलं, आणि तेही खरं म्हणून नाही, कटकट जावी म्हणून. पण चारचौघांत असं बोलायची त्याला सवय नव्हती. थुंकलेलं परत तोंडात घेता येत नाही.

झिंगू वर बघत नव्हता. त्याला मराठी तुटकंच येत होतं. तो एवढंच म्हणाला, "येर."

"पानी मांगते," मुखरू म्हणाला. तो लोटा भरून घेऊन आला आणि झिंगूच्या ओंजळीत धार धरली. झिंगू पोटभर प्याला, मग ओला हात तोंडावरून फिरवला. मुखरूच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नसे. झिंगूला ते कोणी सांगितलं नव्हतं.

चिरघरात मुखरूनं राळेचा धूर केला आणि कामाला लागला. तो आधी धुऊन घेई. डॉक्टर म्हणत कशाला, पण तो घेई. बुधरी पंचविशीची असेल. केसांना मोहाचा गोड वास होता आणि त्या वासाखाली दुसरा, जो सतराव्या पानावर कोणाला आला नव्हता. ओठांवर स्मित वगैरे काही नव्हतं. तोंड अर्धं उघडं होतं, पापण्या जड होऊन अर्ध्यावर थांबल्या होत्या. मुखरूनं तिचे हात पाहिले. बोटं सैल, मोकळी. कुचल्यानं मेलेली दोन माणसं त्यानं पूर्वी उघडली होती. त्यांच्या मुठी अशा वळल्या होत्या की नखं तळव्यात रुतलेली, दातखीळ बसलेली, पाठ उचलून कमानीसारखी झालेली. ही तर झोपेतच पडल्यासारखी होती. त्यानं खिडकीकडं पाहिलं. डॉक्टर रुमाल लावून बाहेर निंबाकडं तोंड करून उभे होते.

मग तो पाय धुऊ लागला. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गोंदण होतं, जंगलातल्या साऱ्या बायकांचं असतं तसं, निळसर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. गोंदणाऱ्या बायका ठिपके मोजून घालतात. एका पायावर जेवढे, तेवढेच दुसऱ्यावर. पायांत एक कमी-जास्त झाला तर पोरीची सासू नाव ठेवते. उजव्या घोट्याशी शेवटची ओळ पाचाची होती. मुखरूनं डावा पाय उचलून धरला. त्या ओळीत सात होते.

त्यानं पुन्हा मोजले. पाच ठिपके निळे, जुने, कातडीत मुरलेले. दोन त्यांच्याच रांगेत, त्यांच्याच एवढे, पण काळपट लाल. मध्ये दोन ज्वारीचे दाणे मावतील एवढं अंतर.

"झालं का रे?" खिडकीतून आवाज आला.

"करून राह्यलो साहेब."

ओठापर्यंत आलेलं त्यानं गिळलं. नऊ डॉक्टरांत एकालाही त्यानं कधी 'असं नाही, तसं आहे' म्हटलं नव्हतं. सातव्या डॉक्टरला एकदा त्यानं नुसतं विचारलं म्हणून त्याला महिनाभर कामावरून दूर केलं होतं, आणि अजून पाच वर्षं नोकरी बाकी होती. त्यानं सुरी उचलली आणि नेहमीचं काम नेहमीसारखं केलं. डॉक्टर खिडकीतून विचारत गेले, तो सांगत गेला, बाहेर गुणवंतरावांचा टाक कुरकुरत राहिला.

"हं, लिहा," डॉक्टर म्हणाले. "मृत्यूचे कारण, विषबाधा. कुचल्याचा संशय. जठर, यकृत बरण्यांत भरून तपासणीसाठी नागपूरला. अहवाल येईपर्यंत..." ते हवालदाराकडं वळले. "तीन-चार महिने लागतील हो तुम्हाला."

"लागू द्या साहेब. तोवर हा आतच राह्यते. जाते कुठी?"

तीन-चार महिने. मोहाचा हंगाम जाईल, पाऊस येऊन जाईल, धानाची रोवणी जाईल. आणि मग नागपूरहून कागद येईल की काही सापडलं नाही. मुखरूनं हातातली बरणी ओट्यावर ठेवली.

"साहेब, कुचला नोहे."

"काय?"

"मन्यार हाय साहेब. मन्यार डसली. झोपीत डसली."

डॉक्टर बोलले ते बर्फासारखं थंड. "मुखरू, पोटात दुखलं, उलटी झाली, अंगावर सूज नाही, साप चावल्याची खूण नाही. मी वरपासून खालपर्यंत तपासलं आहे."

"तुमी खिडकीतून पाह्यलं साहेब."

निंबाखाली टाक थांबला. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता, हे मुखरूला कळलं होतं. "मन्यारीनं सूज येत नाई. पोटच दुखते. डोळे मिटत जाते. खूण गोंदन्यात लपली हाय. या पायाले पाच ठिपके, त्या पायाले सात. तुमी या, मोजा. मी खोटा निघालो तं मले घरी धाडा. पन आत येऊन मोजा."

दोन वर्षांत पहिल्यांदा डॉक्टर आठल्ये त्या दारातून आत आले. गुणवंतरावांनी दवाखान्यातून भिंग धावत आणून दिलं. रुमाल एका हातानं धरून भिंग दुसऱ्या हातानं नीट धरता येईना, तेव्हा त्यांनी रुमाल खिशात कोंबला. त्यांचा चेहरा पिवळा पडला. ते वाकले. मोजले. परत मोजले. मग मुखरूच्या हातून सुरी घेऊन त्यांनी त्या दोन ठिपक्यांवर स्वतः काप घेतला. कातडीखाली मोहरीएवढं रक्त साकळलेलं होतं, दोन्ही ठिकाणी. ते बाहेर जाऊन निंबाच्या बुंध्याशी भडाभडा ओकले, आणि चूळ भरून आल्यावर म्हणाले, "गुणवंतराव, तो कागद फाडा. नवा घ्या."

नव्या कागदावर लिहिलं गेलं: 'बारकाईने तपासणी करता डाव्या घोट्याशी सर्पदंशाच्या दोन खुणा माझ्या निदर्शनास आल्या.' हवालदाराला ते म्हणाले, "मला आधीपासून थोडी शंका होतीच." मुखरूनं ते ऐकलं. त्याला राग आला नाही, किळस आली, आणि तीही पुरती नाही. कारण थोडी त्याला स्वतःसाठी राखून ठेवावी लागली.

उन्हं कलती झाली तेव्हा ठाण्यातून हुकूम आला आणि झिंगूच्या कमरेचा दोर सुटला. तोवर मुखरूनं शिवून घेतलं होतं. दवाखान्यातून त्यासाठी सुतळी मिळे, गोणी शिवायची. आज त्यानं घरी जाऊन रुखमाबाईकडून पांढरा दोरा आणला होता आणि बारीक टाके घातले होते. बुधरीच्या गळ्याखालीही गोंदणाची एक लहान वेल होती. ती मध्ये कापली गेली होती. मुखरूनं ठिपक्याला ठिपका जुळवून ती परत जोडली.

गाडीशी चैतू बैल जुंपत होता. झिंगू चिरघराच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. मुखरूनंच तिला कापडात गुंडाळून बाहेर आणलं.

"मोहाखाली झोपलो," झिंगू आपणहून बोलू लागला, शब्द शोधत. "सकाळी म्हणे पोट दुखते. मंग म्हणे डोळे उघडत नाई, तू दिसत नाई. मी सांगतलं."

"कोनाले सांगतलं?"

"साऱ्याईले. पाटलाले. पोलिसाले. कोनं आयकलं नाई." मग त्यानं विचारलं, "तुमी ठिपके मोजले?"

"हो गा."

झिंगूनं मान हलवली. पायाकडचं कापड त्यानं थोडं सारलं, ते सात ठिपके पाहिले, आणि परत कापड नीट केलं. मुखरूला तोंडाशी आलं होतं, की बाबा, मी बी तुलेच म्हणलो होतो. ते त्याच्यानं बोलवलं नाही. त्यानं निंबाची एक डहाळी तोडून गाडीत तिच्या उशाशी ठेवली, माश्या बसू नयेत म्हणून. दोघं गाडीबरोबर चालत गेले, एक बैलापुढं, एक तिच्या डोक्याशी. फाटकातून गाडी वळेपर्यंत मुखरू बघत उभा होता.

घरी पेज होती. त्यानं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "जात नाई आज," तो म्हणाला. रुखमाबाईनं वाटी उचलून झाकून ठेवली.

पुढचे पाच दिवस ओसरीवर वाचन झालं नाही. डॉक्टरांनी पुस्तक अर्धवटच गुणवंतरावांकडं परत पाठवलं होतं. कंटाळवाणं आहे म्हणाले. पंधरा दिवस संपले. सहाव्या दिवशी दुपारची मोटार यायच्या आधी गुणवंतराव ते हातात घेऊन सुयांच्या स्टोव्हजवळ आले. बरेच घुटमळले.

"मुखरूभाऊ, संपलं. भाचा बी नाई, नवरा बी नाई. ऐका, सांगतो कोन निघाला ते..."

"सांगू नका जी."

"काऊन?"

"मले नाई पाह्यजे." मुखरूनं स्टोव्हला हवा भरली. "माह्यं तेवढं सांगा. मुडदा कोनं नेला?"

गुणवंतराव खाली बसले, नेहमीपेक्षा जरा जवळ. त्यांनी मोराचं पीस बाजूला ठेवलं आणि सतराव्या पानापासून सुरुवात केली. या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. बोट ओळीखाली धरून ते पानामागून पान चाळत गेले. सुया उकळून झाल्या, मुखरूनं त्या काढून कापडावर मांडल्या, आणि तरी ते चाळतच होते. लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला तेव्हा ते शेवटच्या पानावर पोचले. त्यावर हेमकांत सिगारेट पेटवून मुंबईच्या समुद्राकडं पाहत होता.

"नाई लिवलं," ते म्हणाले. "कुठीच नाई लिवलं गा."

"म्हंजे अजून तिथीच पडली हाय ते."

गुणवंतरावांनी पुस्तक मिटलं आणि ते द्यायला मोटारीकडं गेले. मुखरूनं स्टोव्ह विझवला. चिरघरात त्या आठवड्यात कोणी आलं नव्हतं. तरी त्यानं विहिरीवरून बादली भरून आणली, राळ पेटवली, आणि तो रिकामा दगडी ओटा उशाच्या बाजूनं सुरुवात करून सावकाश धुऊन काढला.